प्रत्यय आणि सूर : तुर्की व थाई

तुर्की आणि थाई या भाषांचे एकमेकींशी कसलेही रक्ताचे नाते नाही. तुर्की ही तुर्किक कुळातल्या ओघुझ शाखेची भाषा. अझरबैजानी, तुर्कमेन आणि गागाउझ या तिच्या सख्ख्या बहिणी. थाई ही क्रा-दाई कुळातली. लाओ, शान आणि दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतातली च्वांग हे तिचे गणगोत. तुर्किक भाषेचे सर्वांत जुने मोठे लेख मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात सापडले. ते आठव्या शतकातले आहेत आणि त्यांची लिपी डेन्मार्कचे विल्हेल्म थॉमसन यांनी 1893 मध्ये उलगडली. थाईचा आद्य लेख म्हणून सुखोथाईचा राजा रामखामहेंग याच्या नावाचा 1292 चा शिलालेख दाखवला जातो. राजपुत्र मोंगकुट यांना तो 1833 मध्ये मिळाला आणि त्याच्या अस्सलपणाविषयी विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

दोन्ही भाषा बोलणारे लोक आजच्या भूमीवर बाहेरून आले. तुर्क मध्य आशियातून पश्चिमेकडे सरकत अकराव्या शतकात अनातोलियात शिरले. थाईंचे पूर्वज असलेले ताई लोक दक्षिण चीनच्या डोंगराळ मुलखातून नद्यांच्या काठाकाठाने खाली उतरले. त्यांची एक टोळी सुकाफा याच्या मागे पूर्वेकडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आली आणि 1228 मध्ये तिने अहोम राज्य उभारले. ते राज्य सहा शतके टिकले. अहोम भाषा आता धार्मिक विधींपुरती उरली आहे, पण आसामातल्या नामरूप आणि अरुणाचलातल्या नामसाई या गावांच्या नावांत ‘नाम’ म्हणजे पाणी हा ताई शब्द आहे आणि बँकॉकमध्येही पाण्याला ‘नाम’च म्हणतात. तुर्कीचा धागा दख्खनपर्यंत पोहोचतो. मराठीतली तोफ आणि कुमक हे शब्द मुळात तुर्की, फारसीच्या वाटेने आलेले. इस्तंबूलमध्ये तोपहाने नावाचा भाग आहे, अहमदनगरात तोफखाना. विजापूरच्या तटावरची मलिक-ए-मैदान ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ती ओतणाऱ्या महंमद बिन हुसेन याच्या नावापुढे ‘रूमी’ आहे, आणि त्या काळी रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला.

या दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत त्या त्यांच्या विरोधामुळे. वाक्य कसे बांधायचे, काळ कसा दाखवायचा, शब्द एकमेकांपासून कसे वेगळे ठेवायचे, या प्रत्येक प्रश्नाला दोघींची उत्तरे दोन टोकांची आहेत. शिवाय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन्ही देशांच्या राज्यकर्त्यांनी आपापल्या भाषेला एकाच सुमारास हात घातला आणि तिथेही वाटा उलट्या निघाल्या. दोन्ही देश युरोपीय सत्तेची वसाहत झाले नव्हते. भाषेचे जे काही केले ते त्यांच्या स्वतःच्या लोकांनी केले, त्यामुळे ते बरेवाईट त्यांच्याच खात्यावर जमा होते.

आरंभ क्रियापदापासून करावा. तुर्कीत ‘गेल’ म्हणजे ‘ये’. मराठी कानाला हे उलटेच वाटते, पण तो केवळ योगायोग. ‘गेल्दी’ म्हणजे आला किंवा आली, ‘गेल्दिम’ म्हणजे मी आलो किंवा आले. नकार हवा असेल तर धातू आणि काळ यांच्यामध्ये ‘मे’ बसतो : ‘गेल्मेदी’, आला नाही. असमर्थता हवी असेल तर त्याच्याही आधी ‘ए’ येतो : ‘गेलेमेदी’, येऊ शकला नाही. भविष्य आणि अनेकवचन जोडले की ‘गेलेमेयेजेकलेर’ तयार होते : ते येऊ शकणार नाहीत. मराठीला त्यासाठी चार शब्द लागतात, तुर्कीला एक पुरतो. नामांचेही तसेच. ‘एव’ म्हणजे घर, ‘एवलेर’ घरे, ‘एवलेरिमिझ’ आमची घरे, ‘एवलेरिमिझदेन’ आमच्या घरांतून. प्रत्येक प्रत्ययाचे काम एकच आणि जागा ठरलेली.

मराठीही प्रत्ययांची भाषा आहे, पण मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाला सामान्यरूप घ्यावे लागते : माणूस-माणसाला, पाणी-पाण्यात, गाव-गावाहून. तुर्कीत मूळ शब्द बहुधा आहे तसाच उभा राहतो. क्वचित शेवटचे व्यंजन मऊ होते, एवढेच. अनियमित क्रियापदे जवळजवळ नाहीत. माक्स म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या व्याख्यानांत म्हटले होते, की ही भाषा एखाद्या विद्वत्सभेने विचारविनिमय करून घडवली असावी असे वाटते. आणि ती तर गवताळ माळरानावरच्या भटक्यांनी घडवली, याचे त्यांना नवल वाटत होते.

थाईत यातले काहीच नाही. ‘मा’ म्हणजे येणे. मी आलो, ती आली, ते येतील, आपण येऊ या, सगळीकडे ‘मा’च. शब्दाला काही चिकटत नाही, त्यातून काही गळत नाही, तो वाकत नाही. काळ सांगायचाच असेल तर शेजारी दुसरा शब्द उभा करायचा : ‘मा लॅव’ म्हणजे आला, ‘कामलांग मा’ म्हणजे येत आहे, ‘च मा’ म्हणजे येणार. ‘माय मा’ म्हणजे आला नाही, ‘मा माय दाय’ म्हणजे येऊ शकत नाही किंवा शकला नाही. संदर्भातून काळ कळत असेल तर तेवढाही शब्द लावत नाहीत. ‘काल’ असे एकदा म्हटल्यावर क्रियापदाने पुन्हा भूतकाळ सांगण्याची गरज काय, असा या व्याकरणाचा हिशेब आहे.

प्रत्ययांचे काम थाईत शब्दांचा क्रम करतो. कर्ता आधी, मग क्रियापद, मग कर्म. क्रम बदलला की अर्थ बदलला. ‘रामाने रावणाला मारले’ हे मराठीत ‘रावणाला रामाने मारले’ असे फिरवले तरी रावणच मरतो, कारण ‘ने’ आणि ‘ला’ पहारा देतात. तुर्कीतही विभक्तीमुळे तशी मोकळीक आहे. थाईत मात्र नावांची अदलाबदल झाली तर राम मरेल.

विशेषणे आणि उपवाक्ये यांच्या बाबतीत दोन्ही भाषा आरशातल्या प्रतिबिंबासारख्या समोरासमोर येतात. तुर्कीत विशेष्य शेवटी, त्याविषयी जे काही सांगायचे ते सगळे आधी. ‘आलेला माणूस’ याला तुर्की ‘गेलेन आदाम’ म्हणते, म्हणजे मराठीच्या ‘आलेला’सारखेच धातुसाधित घेऊन ते नामाच्या आधी ठेवते. थाई ‘खोन थी मा’ म्हणते : माणूस, जो, आला. मोठे घर थाईत ‘घर मोठे’ असते, माझे पुस्तक ‘पुस्तक माझे’. तुर्की वाक्यात क्रियापद अगदी शेवटी येत असल्याने ऐकणाऱ्याला सगळा तपशील मनात धरून थांबावे लागते. थाई वाक्यात मुख्य गोष्ट आधी कळते आणि तपशील मागून येत राहतो. ‘जाऊन आला’ मधल्या ‘ऊन’साठी तुर्कीत ‘इप’ हा प्रत्यय आहे : ‘गिदिप गेल्दी’. थाई अशा ठिकाणी क्रियापदे कोणत्याही सांध्याशिवाय ओळीने मांडते. ‘आणून दे’ याला ती ‘आव मा हाय’ म्हणते : घे, ये, दे.

मोजण्याच्या बाबतीत एक अनपेक्षित साम्य आढळते. तुर्कीत अनेकवचनाचा प्रत्यय आहे, पण संख्या आली की तो गळतो. ‘बेश एव’ म्हणजे शब्दशः पाच घर. पाच म्हटल्यावर अनेकत्व आलेच, ते पुन्हा कशाला सांगायचे? थाईत अनेकवचन मुळातच नाही, पण संख्येनंतर मोजमापाचा शब्द लागतो आणि तो वस्तूच्या जातीप्रमाणे बदलतो. पाच घरे म्हणजे ‘बान हा लांग’. इथे ‘लांग’ हा घरे मोजायचा शब्द. प्राण्यांना ‘तुवा’, माणसांना ‘खोन’, वाहनांना आणि छत्र्यांनाही ‘खान’. मराठीत ‘पाच जण’ म्हणताना ‘जण’ जे काम करतो, तेच काम थाईत प्रत्येक वस्तूसाठी करावे लागते. कोणत्या वस्तूला कोणता शब्द, हे थाई मूल बोलता बोलता शिकते आणि परका माणूस अनेक वर्षे चुकत राहतो.

आता उच्चार. तुर्कीत आठ स्वर आहेत आणि ते दोन गटांत वाटलेले आहेत : जीभ पुढे येते ते आणि जीभ मागे राहते ते. जिभेची जागा ‘ए’ची आणि ओठ ‘ओ’सारखे गोल, असा एक स्वर त्यांत आहे. जीभ ‘ई’ची आणि ओठ ‘ऊ’चे, असा दुसरा. देवनागरीत त्यांना नीट चिन्ह नाही. अस्सल तुर्की शब्दात सहसा एकाच गटातले स्वर येतात आणि प्रत्ययालाही त्या गटाप्रमाणे रूप बदलावे लागते. ‘एव’चे अनेकवचन ‘एवलेर’, पण ‘आत’ म्हणजे घोडा, त्याचे ‘आतलार’. अंकारात म्हणजे ‘अंकारादा’, इझमीरमध्ये म्हणजे ‘इझमीरदे’. परक्या गावांनाही सूट नाही. तुर्की माणूस पुण्यात म्हणताना ‘पुणेदे’ म्हणेल आणि नागपुरात म्हणताना ‘नागपूरदा’. शब्द कितीही लांबला तरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत स्वरांचा मेळ राहतो, आणि शब्द कुठे संपला व दुसरा कुठे सुरू झाला हे कानाला आपोआप समजते.

थाईत शब्द आखूड, बहुतेक एकाक्षरी. इतक्या आखूड शब्दांत अर्थ वेगळे ठेवायचे तर काहीतरी आणखी हवे. ते काम सूर करतो. प्रमाण थाईत पाच सूर आहेत : मध्यम, खालचा, पडता, वरचा आणि चढता. ‘खाव’ हे अक्षर चढत्या सुरात म्हटले तर पांढरा, खालच्या सुरात म्हटले तर बातमी, पडत्या सुरात म्हटले तर भात. मराठीतही सूर आहे, पण तो वाक्याचा : ‘आलास?’ आणि ‘आलास!’ यांतला फरक भावाचा आहे, शब्द तोच. थाईत सूर हा क किंवा च सारखाच शब्दाचा घटक आहे. तो चुकला की शब्दच दुसरा झाला. ‘माय’ हे अक्षर वेगवेगळ्या सुरांत लाकूड, नवा, नाही, जळणे आणि प्रश्नार्थक ‘का’ असे सगळे काही होते, आणि फक्त एवढ्यावर ‘नवे लाकूड जळत नाही ना?’ असे आख्खे वाक्य थाई मुले गमतीने म्हणून दाखवतात. थोडक्यात, तुर्कीत स्वर शब्दाला बांधून ठेवतो आणि थाईत सूर शब्दांना वेगळे ठेवतो.

प्रश्न विचारण्याची रीत मात्र दोघींची सारखी, आणि मराठीशीही जुळणारी. तुर्कीत ‘गेल्दी मि?’, थाईत ‘मा माय?’, मराठीत ‘आला का?’. तिन्ही ठिकाणी वाक्याच्या शेवटी एक छोटा शब्द. तुर्की ‘मि’ आणि थाई ‘माय’ यांचा उगम एक नाही, तरी दोन्ही शब्द आपापल्या भाषेचा स्वभाव दाखवतात. तुर्की ‘मि’ आधीच्या स्वराप्रमाणे चार रूपे घेतो. थाई ‘माय’ रूप कधीच बदलत नाही, फक्त सुराने ओळखू येतो.

तुर्की क्रियापदात एक सोय अशी आहे, की जिला मराठीत स्वतंत्र शब्द लागतो. स्वतः पाहिलेली गोष्ट ‘गेल्दी’ने सांगतात, ऐकलेली किंवा खुणांवरून कळलेली ‘गेल्मिश’ने. मराठी बोलीतला ‘आला म्हणे’ हा ‘म्हणे’ तिथे प्रत्यय होऊन बसला आहे. तुर्की परीकथा याच रूपात सांगतात, कारण सांगणाऱ्याने ती पाहिलेली नसते. बातमी, अफवा आणि साक्ष यांतला फरक तिथे व्याकरणच मागते. थाई क्रियापदाला ही विचारपूस नाही. तिचा सगळा कल सांगणारा आणि ऐकणारा यांच्या नात्याकडे आहे.

थाईत ‘मी’ या अर्थाचे कितीतरी शब्द आहेत. पुरुष अदबीने ‘फोम’ म्हणतो, स्त्री औपचारिक प्रसंगी ‘दिछान’, सलगीत ‘छान’. धाकटी माणसे मोठ्यांपुढे स्वतःला ‘नू’ म्हणजे उंदीर म्हणवून घेतात. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्राप’ आणि स्त्रीने ‘खा’ म्हणायचे. तृतीयपुरुषी सर्वनामात मात्र स्त्रीपुरुष भेद नाही. तुर्कीतही ‘तो’, ‘ती’, ‘ते’ या सगळ्यांना एकच ‘ओ’ आहे, आणि तिथे बोलणाऱ्याचे लिंगही भाषेत कुठे उमटत नाही. जेवण्यालाही थाईत पायऱ्या आहेत : घरात ‘किन’, औपचारिक प्रसंगी ‘रापप्रथान’, भिक्षूंसाठी ‘छान’ आणि राजासाठी ‘सवोय’. राजघराण्याविषयी बोलायचा आख्खा शब्दसंग्रहच वेगळा. त्याला ‘राछासाप’ म्हणतात, म्हणजे राजशब्द.

नात्याच्या शब्दांनी परक्याला हाक मारण्याची रीत दोन्हीकडे आहे आणि ती मराठी माणसाला सांगावी लागत नाही. तुर्की गिऱ्हाईक दुकानदाराला ‘आबी’ म्हणजे दादा म्हणतो, बाईला ‘आब्ला’ म्हणजे ताई. बँकॉकच्या खानावळीत वाढणारी मोठी असेल तर ‘फी’, लहान असेल तर ‘नोंग’. थाई नात्यात वय महत्त्वाचे : ‘फी’ म्हणजे थोरला किंवा थोरली, ‘नोंग’ म्हणजे धाकटा किंवा धाकटी. तुर्की नाते बाजूही पाहते. आईची बहीण ‘तेयझे’, वडिलांची बहीण ‘हाला’. मावशी आणि आत्या यांची गल्लत तिथेही चालत नाही. जोडशब्दांची हौसही ओळखीची आहे. ‘किताप मिताप’ म्हणजे पुस्तकबिस्तक. मराठीचा ‘ब’ तिथे ‘म’ झाला. ‘बेयाझ’ म्हणजे पांढरा, ‘बेम्बेयाझ’ म्हणजे पांढराशुभ्र. थाईत ‘छाछा’ म्हणजे हळूहळू, आणि अशा द्विरुक्तीसाठी लिपीत खास चिन्ह आहे. शब्द एकदाच लिहायचा आणि पुढे ते चिन्ह काढायचे.

शब्दसंग्रहाकडे वळले की मराठी वाचकाची ओळख एकदम पालटते. तुर्की वाक्याची चाल जवळची, पण तिचे मूळ शब्द परके. थाई वाक्याची चाल परकी, पण तिचे भारदस्त शब्द घरचे. थाईने पाली आणि संस्कृतातून अफाट उचल केली आहे. भाषेला ‘फासा’, गुरूला ‘ख्रू’, नगराला ‘नखोन’, आहाराला ‘आहान’ म्हणतात. ‘महावित्थयालाय’ म्हणजे विद्यापीठ, ‘प्रथेत’ म्हणजे देश, ‘आकात’ म्हणजे हवा. बँकॉकचे थाई नाव क्रुंग थेप. त्यातला ‘थेप’ म्हणजे देव. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, उच्चार ‘सुवन्नफूम’. जुन्या थाईतले ग, ज, द, ब हे घोष वर्ण काळाच्या ओघात बदलून ख, छ, थ, फ झाले, आणि शब्दाच्या शेवटी थाई जीभ मोजकीच व्यंजने येऊ देते. म्हणून देवाचा थेप झाला. पाली-संस्कृतातला ‘प’ कित्येक शब्दांत ‘ब’ झाला : पुत्र ‘बुत’ झाला आणि पाप ‘बाप’. लिहिताना मात्र मूळ रूप जपतात. चंद्र लिहिताना त्यातली सगळी अक्षरे येतात, शेवटच्या अक्षरावर मौनाची खूण घालतात आणि वाचतात नुसते ‘चान’.

तुर्कीने हेच नाते अरबी-फारसीशी जोडले होते. किताप, कालेम, हेसाप, दुन्या, हावा, मेयदान, साबुन हे शब्द मराठी वाचकाला किताब, कलम, हिशेब, दुनिया, हवा, मैदान आणि साबण म्हणून ओळखता येतात. काहींचे अर्थ वाटेत बदलले. तुर्की ‘मिसाफिर’ म्हणजे पाहुणा, मराठी मुसाफिर म्हणजे प्रवासी. तुर्की ‘फाकात’ म्हणजे पण, मराठी फक्त म्हणजे केवळ. काही शब्द तिन्ही भाषांत पोहोचले. चहा तुर्कीत ‘चाय’, थाईत ‘छा’. फारसीतला गुलाब थाईत ‘कुलाप’ झाला. मराठीतला फिरंगी तुर्कीत ‘फ्रेंक’ आहे आणि थाईत ‘फरांग’. आणि थाई ‘फरांग’ म्हणजे पेरूही, कारण ते फळ फिरंग्यांनी आणले.

उस्मानी काळातली दरबारी तुर्की अरबी-फारसीने इतकी भरली होती, की खेड्यातल्या तुर्काला ती कळत नसे. शिवाय लिपी अरबी. अरबी लिपी दीर्घ स्वरांसाठी तीनच अक्षरे देते आणि तुर्कीला आठ स्वर. ओ, उ आणि त्यांचे पुढचे दोन जोडीदार हे सगळे एका ‘वाव’ने लिहावे लागत. 9 ऑगस्ट 1928 रोजी राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमाल यांनी इस्तंबूलमध्ये नव्या रोमन अक्षरांची घोषणा केली, 1 नोव्हेंबरला कायदा झाला, डिसेंबरपासून वर्तमानपत्रे नव्या लिपीत निघू लागली आणि 1 जानेवारी 1929 पासून पुस्तके. प्रौढांसाठी देशभर वर्ग उघडले. 29 अक्षरांची ही लिपी ज्या त्या ध्वनीला एक चिन्ह देते. मूल काही महिन्यांत वाचू लागते.

पुढची पायरी शब्दांची होती. 12 जुलै 1932 रोजी तुर्की भाषा संस्था स्थापन झाली. अरबी-फारसी शब्द काढून जुन्या तुर्की धातूंपासून नवे घडवण्याचे काम तिने हाती घेतले. ‘मेकतेप’ जाऊन ‘ओकुल’ आले, ‘तय्यारे’ जाऊन उडण्याच्या धातूपासून ‘उचाक’ आले. मुस्तफा कमाल यांनी स्वतः भूमितीची पुस्तिका लिहून तिच्या संज्ञा तुर्कीत पाडल्या. त्यांतले पुष्कळ शब्द रुजले. पुढे संगणकासाठी घडवलेला ‘बिल्गीसायार’ हा शब्दही सर्वतोमुखी झाला. पण किंमत मोठी पडली. 1927 मध्ये मुस्तफा कमाल यांनी सहा दिवस चालवलेले ‘नुतुक’ हे भाषण पुढच्या पिढ्यांसाठी आधुनिक तुर्कीत उतरवून छापावे लागले. राष्ट्रपित्याचे शब्द त्याच राष्ट्राला त्याच भाषेत समजावून द्यावे लागले. इंग्रज अभ्यासक जेफ्री लुइस यांनी 1999 मध्ये या सुधारणेवर पुस्तक लिहिले आणि तिला शीर्षकातच ‘अनर्थकारी यश’ म्हटले.

तुर्की भाषा संस्था जन्मली त्याच्या अठरा दिवस आधी, 24 जून 1932 रोजी, सयाममध्ये म्हणजे आजच्या थायलंडमध्ये राजाची अनियंत्रित सत्ता संपली. तिथेही नव्या राज्यकर्त्यांना नव्या कल्पनांसाठी शब्द हवे होते. ते घडवण्यात राजपुत्र वान वैथयाकोन अग्रभागी होते आणि त्यांनी टाकसाळ म्हणून संस्कृत-पाली घेतली. शासनाला ‘रात्थबान’, राज्यघटनेला ‘रात्थथम्मनून’. दोन्हींत राष्ट्र आहे. टेलिफोन ‘थोरसाप’ झाला, टेलिव्हिजन ‘थोरथात’ : दूर आणि शब्द, दूर आणि दर्शन. नमस्कारासाठी आज जगाला माहीत असलेला ‘सवात्दी’ हा शब्दही प्राचीन नाही. फ्राया उप्पकित सिलपसान यांनी तो ‘स्वस्ति’वरून चुलालोंगकोर्न विद्यापीठात सुरू केला आणि 1943 मध्ये सरकारने तो अधिकृत केला. तुर्कांनी परक्या अभिजात भाषेचे शब्द बाहेर काढून राष्ट्र घडवले, थाईंनी परक्या अभिजात भाषेचे शब्द आत घेऊन.

लिपीला हात लावण्याचे प्रयत्न थायलंडमध्येही झाले. थाई लिपी ख्मेर लिपीवरून आणि ती दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीवरून आलेली. तिच्यात 44 व्यंजने आहेत, त्यांतली दोन वापरातून गेली. 1892 मध्ये एडविन मॅकफार्लंड यांनी पहिले थाई टंकयंत्र बनवले तेव्हा त्यावर त्या दोघांना जागा उरली नव्हती. थ या एका उच्चाराला सहा अक्षरे, स ला चार. व्यंजनांचे तीन वर्ग आहेत आणि कोणत्या वर्गाचे अक्षर, स्वर ऱ्हस्व की दीर्घ, शेवटी कोणते व्यंजन, वर सुराची कोणती खूण, हे सगळे जुळवून सूर ठरवावा लागतो. राजा वजिरावुध यांनी 1917 मध्ये स्वरचिन्हे एका ओळीत मांडण्याची नवी पद्धत सुचवली. ती चालली नाही. 1942 मध्ये पंतप्रधान फिबुनसोंगखराम यांनी डझनभर व्यंजने काढून टाकणारे सोपे लेखन लागू केले, सर्वनामेही मोजकीच ठरवून दिली. 1944 मध्ये ते सत्तेवरून गेले आणि जुनी अक्षरे व जुनी सर्वनामे दोन्ही परत आली.

तुर्कीत तोच बदल टिकला आणि थाईत उलटला, याची कारणे आहेत. तुर्कस्तानात 1928 मध्ये साक्षर माणसे शंभरात दहाच्या आसपास होती. जुनी लिपी गेल्याची झळ लागणारे थोडे होते. तिथे सुलतान आणि खलिफा दोघेही गेले होते आणि नव्या सत्तेला भूतकाळाशी फारकतच हवी होती. थायलंडमध्ये राजा, भिक्षुसंघ आणि पाली ग्रंथ जागेवर होते. तिथली अवघड अक्षरे नेमकी संस्कृत-पाली शब्दांची होती. ती काढणे म्हणजे त्या शब्दांची मुळे पुसणे होते.

आज दोघींनाही आपापल्या निवडीचे फळ मिळते आहे. तुर्की मूल लवकर वाचते, पण पणजोबांचे पत्र किंवा मशिदीवरचा जुना लेख त्याला वाचता येत नाही. थाई मूल अक्षरांच्या वर्गांशी वर्षानुवर्षे झगडते, पण प्रत्येक शब्दाचा वंश त्याच्या वर्णांत दिसतो. यंत्रयुगातल्या अडचणीही वेगळ्या. तुर्कीत टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन ‘आय’ आहेत आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या संगणकप्रणाली मोठ्या-लहान अक्षरांची अदलाबदल करताना तिथे अडखळतात. थाईत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. एकच अक्षरओळ ‘ता क्लोम’ अशी तोडली तर गोल डोळे, ‘ताक लोम’ अशी तोडली तर वाऱ्यावर बसणे. ओळ कुठे तोडायची हे यंत्राला शब्दकोश देऊनच शिकवावे लागते.

एका गोष्टीला मात्र दोन्ही देशांत कोणी हात लावू शकले नाही. तुर्कीची लिपी बदलली, निम्मा शब्दकोश बदलला. स्वरांचा मेळ, प्रत्ययांची रांग आणि शेवटचे क्रियापद ओर्खोनच्या दगडांवर होते त्याच घडणीचे राहिले. थाईत हजारो संस्कृत शब्द आले, पण त्यांच्याबरोबर संस्कृतची एकही विभक्ती आली नाही. लिपी आणि कोश सरकारच्या आवाक्यातल्या गोष्टी. व्याकरण बोलणाऱ्यांच्या मालकीचे.

मराठीलाही हा इतिहास परका नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला राज्यव्यवहारकोश आणि विसाव्या शतकातली सावरकरांची भाषाशुद्धी यांनी तुर्कांसारखी फारसी काढली आणि थाईंसारखी संस्कृत आणली. मोडी गेली, देवनागरी राहिली, आणि दप्तरखान्यांतली मोडी कागदपत्रे वाचणारे आज मोजकेच आहेत. तुर्कस्तान आणि थायलंड यांच्या अनुभवावरून एवढे ठामपणे म्हणता येते, की लिपी सोडण्याचा निर्णय एका कायद्याने घेता येतो, पण सोडलेल्या लिपीचे वाचक प्रत्येक पिढीत नव्याने शिकवून तयार करावे लागतात. तो खर्च ज्या समाजाला परवडत नाही, त्याने आपली अवघड लिपी सांभाळलेलीच बरी.